जुगाराचा नाद सोडताना: आधी खरा आकडा कागदावर मांडा

आमच्याकडे गणपतीत रात्री जागरणाला पत्ते खेळतात. मांडवामागे सतरंजी, चहाचा थर्मास, रुपयाला पॉइंट. मी रमी तिथेच शिकलो आणि दहा-बारा वर्षं त्यात काहीही बिघडलं नाही. मग तोच डाव फोनमध्ये आला. रात्री दोनला गादीवर पडल्या पडल्या खेळता यायला लागला. रमीवरून क्रिकेटच्या सट्ट्यावर गेलो, कुणीतरी ‘आयडी’ (सट्टा लावायचं ऑनलाइन खातं) काढून दिला, आणि चार वर्षांत ६ लाख ८३ हजारांचं देणं झालं. पगार तेव्हा एकतीस हजार होता.

त्यातून बाहेर पडून आता तीन वर्षं होत आली. कुठे जायचं, कुणाला काय सांगायचं, कोणते कागद लागतात, हे मला कुणीच एकत्र सांगितलं नव्हतं. ठेचा खात शिकलो ते इथे क्रमाने लिहितोय. मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. यातून गेलेला माणूस आहे एवढंच.

आणि हे वाचत असताना ‘आता जगून उपयोग नाही’ असं मनात येत असेल तर पुढचं वाचणं राहू द्या. आधी १४४१६ लावा. ही सरकारची टेलि-मानस सेवा आहे. फोन फुकट लागतो, रात्री-अपरात्रीही उचलतात, मराठीत बोलता येतं. धोका अगदी जवळचा वाटत असेल तर ११२ लावा आणि घरातल्या कुणाला तरी शेजारी बसायला सांगा.

१. मौज की नाद, ते तपासा

हरलेल्या रकमेवरून हे ठरत नाही. दिवाळीत तीन पत्तीत पाच हजार हरून दुसऱ्या दिवशी विसरून जाणारा माणूस ठीक असतो. दोनशे हरला म्हणून रात्रभर तळमळणारा आणि सकाळी उधारीवर चारशे लावणारा ठीक नसतो.

‘गॅम्बलर्स अनॉनिमस’ ही जुगारातून बाहेर पडलेल्यांची संघटना १९५७ साली अमेरिकेत सुरू झाली. तिची वीस प्रश्नांची यादी आहे. सात किंवा जास्त प्रश्नांना ‘हो’ आलं तर त्यांच्या मते प्रकरण नादाचं आहे. मानसोपचारतज्ज्ञ नऊ लक्षणं बघतात आणि वर्षभरात त्यातली चार दिसली तर निदान करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतही हा आजार म्हणून नोंदलेला आहे. ‘सवय वाईट आहे, मनावर घेतलं की सुटेल’ असं ऐकवणाऱ्याला हे सांगा.

मला स्वतःला ओळखू आलेल्या खुणा अशा:

- हरलेले पैसे काढायला पुन्हा लावणे. सगळ्यात मोठी खूण हीच.
- पूर्वी शंभरात मजा यायची, आता हजाराशिवाय हात शिवशिवत नाही.
- ‘किती लावलेस?’ या प्रश्नाला निम्मा आकडा सांगणे.
- दोन दिवस बंद ठेवलं की घरच्यांवर विनाकारण खेकसणे.
- जिंकलेले पैसे घरी न येणे. माझ्या जिंकलेल्या पैशांतून घरात एक कुकरसुद्धा आला नाही. सगळं पुन्हा डावातच.

एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. कंपवातावर देतात त्यातल्या काही गोळ्यांमुळे माणसाला जुगाराची अनावर ओढ लागू शकते. घरातल्या वयस्कर माणसाने आयुष्यात कधी आकडा लावला नसेल आणि औषध सुरू झाल्यावर एकदम लॉटरीचे गठ्ठे आणायला लागला असेल, तर ही गोष्ट त्याच डॉक्टरांच्या कानावर घाला. गोळी मनाने बंद करू नका.

२. मौजेपुरतंच खेळत असाल तर

‘जबाबदारीने खेळा’ हे वाक्य माझ्या कानात अजून आहे, कारण जाहिरातीच्या शेवटी ते इतक्या घाईत म्हणायचे की एकही शब्द कळू नये. तरी सगळ्यांनाच नाद लागत नाही हे खरं आहे, म्हणून हा भाग.

आधी कायदा. महाराष्ट्रात जुगारबंदीचा कायदा १८८७ सालचा आहे. मटका, क्रिकेटचा सट्टा हे सगळं बेकायदा आहे आणि अड्ड्यावर सापडलेला खेळणाराही त्यात अडकतो. रेसकोर्सवरची घोड्यांची शर्यत आणि १९६९ पासून चालू असलेली राज्य लॉटरी कायदेशीर आहे. गोव्यात मांडवीतल्या बोटींवरचे कॅसिनो परवान्यावर चालतात. ऑनलाइनचं म्हणाल तर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायचे सगळे खेळ बंद केले. कौशल्याचा खेळ आणि नशिबाचा खेळ हा जुना वादच त्यात ठेवला नाही. शिक्षा आहे ती खेळ चालवणाऱ्याला, जाहिरात करणाऱ्याला आणि पैसे फिरवणाऱ्याला. खेळणाऱ्याला नाही. त्यामुळे ‘मदत मागायला गेलो तर पोलीस केस होईल’ ही भीती काढून टाका.

उलट बाजूही ऐका. देशातल्या कंपन्यांनी पैशांचे खेळ बंद केल्यावर आज तुम्हाला लिंक किंवा आयडी देणारा जो कुणी आहे, त्याच्यामागे कसलीच जबाबदारी नाही. जिंकलात आणि पैसे अडकले तर दाद कुणाकडे मागणार?

मग हिशोब. मटक्यात एकेरी आकडा लावला तर दहातला एक लागणार, आणि लागला तर रुपयाला साधारण नऊ मिळणार. म्हणजे शंभर माणसांनी रुपया-रुपया लावला तर नव्वद परत जातात, दहा धंद्यात राहतात. हे रोज. कॅसिनोतल्या युरोपीय पद्धतीच्या चाकावर ३७ घरं असतात आणि एका घरावर पैज लागली तर लावलेल्या पैशांखेरीज ३५ पट मिळतात. घरं आणि मिळकत यांतली फट छोटी दिसते, पण रात्रभर बसलं की तीच फट खिसा रिकामा करते. ‘आकडा एका घराने हुकला’ असं वाटतं ना, त्यालाही अर्थ नाही. एकाने हुकला काय आणि सातने हुकला काय, पैसे सारखेच जातात. आपल्या डोक्याला मात्र तो ‘जवळजवळ जिंकलो’ वाटतो आणि पुढचा डाव लावला जातो.

खेळायचंच असेल तर पाळण्याजोगं थोडं:

- ठरवलेली रक्कम रोख खिशात ठेवा. फोन आणि कार्ड दुसऱ्याकडे द्या. रक्कम म्हणजे सिनेमाच्या तिकिटासारखा खर्च, परत येणार नाही असं धरून.
- उठायची वेळ आधी ठरवा आणि सोबतच्याला सांगून ठेवा.
- उधार घेऊन नाही, पिऊन नाही, भांडण करून आल्यावर नाही.
- जिंकलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के कर लागतो आणि हरलेली रक्कम त्यातून वजा होत नाही, हे लक्षात ठेवा.

पण वरच्या पहिल्या भागातल्या दोन-तीन खुणा तुमच्यात दिसल्या असतील तर हा भाग तुमच्यासाठी नाही. ‘महिन्याला फक्त दोन हजार’ असा नेम मी अकरा वेळा केला. डायरीत तारखा आहेत.

३. कागद जमवा

हा दिवस सुट्टीचा ठेवा, चार-पाच तास लागतात. मन घाबरतं आणि ‘नंतर बघू’ म्हणतं, म्हणून कागद जमवण्यापुरतंच बसा. त्या दिवशी निर्णय काही घ्यायचा नाही.

- सगळ्या बँक खात्यांचं मागच्या बारा महिन्यांचं स्टेटमेंट. ‘सगळ्या’ म्हणजे ते जुनं, फक्त खेळायला ठेवलेलं खातंसुद्धा.
- प्रत्येक यूपीआय अॅपमधला व्यवहारांचा इतिहास.
- क्रेडिट कार्डांची बिलं.
- क्रेडिट रिपोर्ट. सिबिलसकट अशा चार संस्था आहेत आणि प्रत्येकीने वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो. तुम्ही विसरलेलं छोटं अॅप-कर्जही इथे सापडतं. माझी दोन सापडली.
- आयकराच्या पोर्टलवरचं वार्षिक माहितीपत्रक, म्हणजे एआयएस. ऑनलाइन खेळांत कापलेला टीडीएस तिथे दिसतो.
- सोन्यावरच्या कर्जाच्या पावत्या, पतसंस्थेचं कर्ज, कंपनीतली उचल, पीएफमधून काढलेली रक्कम.
- हातउसने. याला कागद नसतो. कॉन्टॅक्ट लिस्ट वरून खाली वाचत जा, नाव दिसलं की आठवतं.

आता एक वही घ्या. फोनमध्ये नको, वहीच. चार रकाने पाडा: कुणाचं, किती, व्याज किती, घरात कुणाला माहीत. शेवटचा रकाना भरताना हात थांबेल. थांबू द्या, पण भरा.

माझ्या वहीत असं होतं: बँकेचं वैयक्तिक कर्ज ३ लाख १० हजार, क्रेडिट कार्ड १ लाख २४ हजार, चार अॅपचं मिळून ७१ हजार, ओळखीच्यांचे हातउसने ९८ हजार, सावकाराचे ८० हजार. तोपर्यंत मी मनात ‘साडेचार-पाच असेल’ म्हणत होतो. बेरीज तीनदा केली.

४. एका माणसाला पूर्ण आकडा सांगा

सगळ्या पायऱ्यांत हीच अवघड, आणि मी इथेच सगळ्यात वाईट चुकलो.

पहिल्यांदा बायकोला सांगितलं ते २ लाख २० हजार. ती रडली, दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी पाटल्या मोडून आली आणि पैसे माझ्या हातात ठेवले. मी ते देणं खरंच फेडलं. पण बाकीचं लपलेलंच होतं आणि त्याचे हप्ते पगारातून निघत नव्हते. मग ते हप्ते भरायला म्हणून पुन्हा खेळलो. सात महिन्यांत होतो तिथून मागे गेलो, आणि या वेळी पाटल्याही नव्हत्या.

अर्धं सांगणं हे न सांगण्यापेक्षा महाग पडतं. राहिलेला आकडा डोक्यात रात्रंदिवस वाजत राहतो आणि तो गुपचूप मिटवायला एकच वाट दिसते: एक मोठा डाव. शिवाय दुसऱ्यांदा उघड झालं की घरच्यांना पैशांपेक्षा खोट्याचा घाव मोठा बसतो.

माणूस कोण निवडायचा? जो ओरडेल पण गावभर करणार नाही, आणि ज्याच्याकडून पैसे मागायचे नाहीत. शेवटचं नीट वाचा. ज्याला सांगताय त्याच्याकडून त्याच दमात पैसे मागू नका. मी दुसऱ्यांदा ताईकडे गेलो. शिक्षिका आहे, हिशोबाला पक्की. सुरुवात जमेना, म्हणून वहीच पुढे सरकवली.

“ताई, हे वाच. यात सगळं आहे. तुझ्याकडून पैसे नकोत मला.”

ती शेवटपर्यंत वाचत गेली, मग म्हणाली, “अरे, याच्यात सावकाराचं व्याज महिन्याचं लिहिलंयस की वर्षाचं?” रागावली ती नंतर, भरपूर. पण पहिला प्रश्न तो होता आणि तेवढ्याने मला श्वास घेता आला. संध्याकाळी ती सोबत आली आणि बायकोला मी तिच्यासमोर सगळं सांगितलं.

तोंडाने सांगता येत नसेल तर वही दाखवा, चिठ्ठी लिहा. मेसेज मात्र करू नका. उत्तर येईपर्यंतचा वेळ सहन होत नाही.

५. पैशाच्या वाटा बंद करा

ओढ आली की ती साधारण अर्धा-पाऊण तास टिकते, मग उतरते. निदान माझी तरी. त्या वेळात पैसा हाताला लागू नये, एवढीच व्यवस्था करायची आहे. मनाशी कुस्ती खेळत बसू नका, ते जिंकतं.

- पगाराचं खातं जोडीदाराच्या किंवा निवडलेल्या माणसाच्या नजरेखाली आणा. माझा पगार जमा झाला की ठरलेली रक्कम सोडून बाकी बायकोच्या खात्यात जाते, आणि माझ्या खात्याचे एसएमएस ताईच्या नंबरवरही जातात. अपमान वाटतो. तीन-चार महिन्यांनी हलकं वाटायला लागतं.
- बँकेच्या अॅपमध्ये कार्डाचा ऑनलाइन वापर बंद करायचं बटण असतं. ते बंद करा, मर्यादा खाली आणा. क्रेडिट कार्ड फेडून बंद करा. तोवर कात्रीने कापा.
- यूपीआय फक्त एका अॅपवर, एका खात्याला जोडून ठेवा, आणि त्या खात्यात आठवड्याचाच खर्च ठेवा. ऑटोपेमध्ये जाऊन खेळाशी संबंधित परवानग्या रद्द करा. कर्जाच्या हप्त्याची परवानगी चुकून रद्द करू नका, दंड बसतो.
- टेलिग्राम-व्हॉट्सअॅपवरचे ‘टिप’ देणारे ग्रुप सोडा आणि आयडी देणाऱ्याचा नंबर ब्लॉक करा. त्याला निरोप द्यायची गरज नाही. मी ‘आता थांबतोय’ असं सभ्यपणे कळवलं, तर दहा मिनिटांत त्याने हजाराचा फुकट बोनस टाकला.
- घरातलं सोनं लॉकरमध्ये, किल्ली दुसऱ्याकडे.

एक सापळा इथेच सांगतो. सट्टेवाले तुमचं बँक खातं ‘भाड्याने’ मागतात. महिन्याला पाच-दहा हजार देतो, फक्त पासबुक, सिम आणि एटीएम दे, म्हणतात. देण्यात बुडालेल्या माणसाला ही देवाने पाठवलेली मदत वाटते. त्या खात्यातून फसवणुकीचा पैसा फिरतो, खातं गोठतं आणि पोलीस तुमच्या दारात येतात. दिलं असेल तर आजच बँकेला लेखी कळवा आणि वकिलाला भेटा.

परदेशात असाल तर तिथे जास्त चांगली सोय आहे. ब्रिटनमध्ये ‘गॅमस्टॉप’वर एकदा नाव नोंदवलं की तिथले परवानाधारक ऑनलाइन खेळ तुम्हाला घेत नाहीत. ऑस्ट्रेलियात २०२३ पासून ‘बेटस्टॉप’ तेच काम करतं. सिंगापूरमध्ये कॅसिनोबंदीसाठी घरचे लोकही अर्ज करू शकतात. आपल्याकडे अशी एकच सर्वव्यापी यादी नाही, म्हणून वरचे उपाय हातानेच करायचे.

६. उपचाराला कुठे जायचं

टेलि-मानस, १४४१६. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. भाषा निवडा, समुपदेशक बोलतो, गरज वाटली तर पुढे तज्ज्ञाकडे जोडतो. मी पहिल्यांदा फोन केला आणि हॅलो म्हणून ठेवून दिला. दुसऱ्यांदा बोललो. काय बोलायचं सुचत नसेल तर हे वाचून दाखवा: “मला जुगाराचा नाद आहे, देणं झालंय, झोप लागत नाही, थांबवता येत नाही.” एवढं पुरतं.

जिल्हा रुग्णालय. सिव्हिलमध्ये मानसोपचार विभागाची ओपीडी असते. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा. खिडकीवर कारण विचारलं तर ‘झोपेची तक्रार’ सांगितलं तरी चालतं, डॉक्टरांना आत खरं सांगा. दारू, उदासपणा, आत्महत्येचे विचार याबद्दल ते विचारतील. लपवू नका, कारण जुगारासोबत यातलं काहीतरी बऱ्याचदा असतंच आणि त्यावर औषध मिळतं. जुगाराच्या ओढीवरचा मुख्य उपचार बोलण्याचाच. विचारांची साखळी कुठे तोडायची ते शिकवतात, आठवड्याला एक बैठक अशा कित्येक बैठका होतात. कधी गोळ्याही देतात.

प्रादेशिक मनोरुग्णालयं. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी. पुण्यातलं म्हणजे येरवडा, आणि येरवडा म्हटलं की आपल्या लोकांना फक्त विनोद सुचतात. ओपीडीत गेलेल्याला कुणी आत कोंडून ठेवत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तुमची माहिती गुप्त ठेवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. तुमच्या साहेबांना ती मागता येत नाही.

व्यसनमुक्ती केंद्रं. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून चालू आहे. अशा केंद्रांचं मुख्य काम दारू-ड्रग्जचं, त्यामुळे नुसत्या जुगारासाठी घेतात का हे आधी फोनवर विचारा. गावोगावी उघडलेल्या, ‘खात्रीने सोडवतो’ म्हणणाऱ्या, मारहाण करणाऱ्या केंद्रांपासून लांब राहा. परवाना बघायला मागा.

गॅम्बलर्स अनॉनिमस. मुंबईत आणि ऑनलाइनही सभा होतात. फी नाही, आडनाव विचारत नाहीत. मला वाटलं होतं, उपदेश असेल. पहिल्याच सभेत एका काकांनी सांगितलं, मुलीच्या लग्नाच्या हॉलचे पैसे गेले. सगळे गप्प. कुणी ‘अरेरे’सुद्धा म्हणालं नाही. मी तिथून घरी येऊन त्या दिवशी सात तास झोपलो.

बंगळुरूच्या निम्हान्समध्ये मोबाइल-इंटरनेटच्या नादासाठी ‘शट’ नावाचं वेगळं क्लिनिक आहे. ऑनलाइन खेळात पोरगं अडकलं असेल तर उपयोगाचं.

मांत्रिक, अंगठी, ‘हरलेले पैसे काढून देतो’ म्हणणारे सायबर तज्ज्ञ, यांच्याबद्दल काही लिहीत नाही. यातल्या एकाला मीही अडीच हजार दिले आहेत.

७. देणं कसं फेडायचं

घाई करू नका. सगळं एकदम मिटवणारं एक मोठं कर्ज मिळालं की हात मोकळा होतो, आणि मोकळा हात पुन्हा डावाकडे जातो. आम्ही क्रम असा लावला: आधी सावकार आणि अॅप, मग क्रेडिट कार्ड, मग बँक. हातउसन्यांना भेटून सांगितलं की दर महिन्याला हजार-दोन हजार येतील. दोघे चिडले, बाकीच्यांनी मान्य केलं.

*बँक.* शाखेत जाऊन हप्ता कमी करून मुदत वाढवून मागा, अर्ज लेखी द्या, पोच घ्या. तडजोडीत रक्कम कमी करून देतो म्हणाले तर बँकेचं पत्र हातात आल्याशिवाय पैसे भरू नका. आणि त्याची नोंद सिबिलवर राहते हे धरून चाला.

*वसुलीचे फोन.* रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे वसुलीवाल्याला सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही, धमकी देता येत नाही, नातेवाइकांना छळता येत नाही. मला एका अॅपवाल्याने रात्री साडेदहाला फोन करून ऑफिसमधल्या सगळ्यांना मेसेज टाकीन म्हणून सांगितलं होतं. कॉल रेकॉर्ड करा, तारीख-वेळ वहीत लिहा, आधी त्या कंपनीकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फुकट. अॅप परवान्याशिवायचं असेल, फोटो बिघडवून पाठवत असेल, तर थेट सायबर हेल्पलाइन १९३०.

*सावकार.* महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याप्रमाणे सावकारीला परवाना लागतो. नसेल तर तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे, तालुक्याला सहायक निबंधकांकडे. कोरा चेक किंवा सही केलेला स्टॅम्प दिला असेल तर तक्रारीत ते स्पष्ट लिहा.

*बुकी.* १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे पैजेचा करार रद्दबातल असतो. पैजेत हरलेली रक्कम कोर्टातून वसूल करता येत नाही. पण हे कलम बुकीच्या तोंडावर वाचून दाखवू नका, त्याची वसुली कोर्टात होत नसते. धमक्या येत असतील तर एकट्याने भेटायला जाऊ नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात वकिलाचा सल्ला मिळतो. सोबत कुणाला तरी घेऊन पोलीस ठाण्यात जा.

८. घरचे वाचत असतील तर

वहिनी, ताई, आई, जे कोण असाल. पहिल्या झटक्यात दागिने मोडू नका, एफडी तोडू नका. आधी वही बघायला मागा, रिपोर्ट तुमच्यासमोर काढायला सांगा. पैसे द्यायचेच असतील तर ज्याचं देणं आहे त्याच्या खात्यात भरा, याच्या हातात नको. जामीन राहू नका. ‘मुलांची शपथ घे’ म्हणू नका. शपथ घेताना मी खरोखर खरं बोलत होतो आणि चौथ्या दिवशी ती मोडली, मग लाजेने आणखी खेळलो.

‘मी नसलो तर विम्याचे पैसे तरी मिळतील’ असं वाक्य गमतीत म्हटलं तरी ते गमतीत घेऊ नका. मी म्हटलं होतं. त्या रात्री बायको जागी राहिली आणि सकाळी मला घेऊन सिव्हिलला गेली.

९. घसरलात तर

आयपीएलचे दोन महिने, दिवाळीतलं लक्ष्मीपूजन, पगाराचा दिवस, आणि अनपेक्षित पैसा हाती येतो तो दिवस. हे चार धोक्याचे. कॅलेंडरवर आधीच खुणा करा आणि त्या दिवसांचा बेत ठरवून ठेवा. गणपतीत मी आता जागरणाला जातो, पण चहाच्या बाजूला बसतो. पोरं बोलावतात, मी उठत नाही.

तरीही हात गेलाच, तर पहिल्या तासात एकच काम करा: निवडलेल्या माणसाला फोन करून आकडा सांगा. कारणं नंतर. तास उलटला की डोकं ‘एवढे काढून घेतो आणि मग सांगतो’ म्हणायला लागतं.

मला हा फोन दोनदा करावा लागला. दुसऱ्यांदा ताई वर्गावर होती, तिने बाहेर येऊन उचलला.

“किती?”

“सहाशे.”

“बरं. वहीत लिही. संध्याकाळी येते.”

वहीत ते सहाशे अजून आहेत, तारखेसकट, फेडलेल्या सावकाराच्या खालच्या ओळीत.